चर्चच्या आवारातलं सपाट गवत

एनिड पास्क माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि चहात साखर घालायच्या आधीच म्हणाली, "थेल्मा, मेल्यावर मला माझ्या पोरीशेजारी पुरायचं. ती कुठे आहे ते तू शोधून दे."

मी किटली खाली ठेवली. आमचं शेजारपण उभ्या जन्माचं. तिच्या नवऱ्याचं घोरणं मला भिंतीतून ऐकू यायचं. पण या बाईने पोरीचा विषय कधी काढला नव्हता. गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते माहीत नसल्यासारखं केलं होतं. आमच्या ऑटरबी गावच्या लोकांना हे एक काम उत्तम जमतं.

"कोणती पोर?" असं मी विचारलं नाही. तेवढी अक्कल मला आहे. एकसष्ट सालच्या हिवाळ्यात तिला मुलगी झाली, ती मेलेलीच. घरीच, वरच्या खोलीत. सुईणीने टॉवेलात गुंडाळून जिन्यावरून खाली नेली, एनिडला दाखवलीसुद्धा नाही. त्या काळी दाखवत नसत. पाहिलं नाही की विसरायला सोपं, असा शहाण्यांचा समज. लेन, तिचा नवरा, ते गाठोडं घेऊन बाहेर पडला, संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, "झालं सगळं नीट. आता विषय नको." मग विषय निघालाच नाही. दुसरं मूलही झालं नाही. पुढे लेन गेला. त्याची राख त्याच्या भावाने समुद्रात सोडली, कारण लेनला मासेमारीशिवाय कशातच गोडी नव्हती.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, यंदा नाताळची खरेदी आधीपासून करून ठेवू नका."

"एनिड!"

"बरं, तसं नाही म्हणाले. पण तोंड तसंच केलं होतं मेल्याने. पोटात सगळीकडे पसरलंय गं. आणि तू रडू नकोस, तुला शोभत नाही. तू मेलेल्यांची माणूस. मला एवढंच सांग, ती कुठे आहे?"

मेलेल्यांची माणूस हे खरं आहे. गावचं पोस्ट बंद होईपर्यंत मीच चालवलं. नंतर हाताला काम नाही म्हणून चर्चच्या जुन्या नोंदवह्या उतरवून काढायला बसले. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळं. आता गाव मला तोंडावर मेलेल्यांची पोस्टमास्तरीण म्हणतं. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून पांढरेशुभ्र बूट घालून लोक येतात आणि विचारतात, आमचे खापरपणजोबा कुठे आहेत हो? प्रत्येकाला उमराव हवा असतो. मी त्यांना डुकरं चोरून तुरुंगात गेलेला खापरपणजोबा काढून देते, तारखेनिशी. तेही बिचारे त्याच्यासाठी डोळे पुसतात.

आणि भिंतीपलीकडच्या बाईची पोर मला काढून देता येईना. का, तर ती माझ्या वह्यांत नाहीच. जन्मून श्वासच घेतला नाही त्याचा बाप्तिस्मा नाही. बाप्तिस्मा नाही त्याला दफनाची प्रार्थना नाही. प्रार्थना नाही तर नोंद नाही. त्या काळी आमच्या गावात कुत्रा पाळायचा तर परवाना लागायचा, त्याची नोंद व्हायची. हिची झाली नाही. हे बोलताना माझा आजही संताप होतो आणि तो होऊ दे.

बरं, वेळही फार नव्हता. एनिडकडे तर नव्हताच, पण चर्चचं आवारही कबरींनी भरलं होतं. चर्चचं आवार बंद करायचा सरकारी आदेश निघणार होता. तो निघाला की नवीन कबर नाही, सगळ्यांनी शहरातल्या नगरपालिकेच्या दफनभूमीत जायचं. आमच्या पाद्रीबाईंकडे सात गावं, आमच्याकडे त्या तिसऱ्या रविवारी धापा टाकत येतात. त्यांना गाठून विचारलं तर म्हणाल्या, "आदेशाआधी जागा राखून ठेवता येईल, थेल्मा. मी बिशपच्या कचेरीत अर्ज टाकते. पण तुम्ही मला नेमकी जागा दाखवा. 'इथे कुठेतरी' असं मला लिहिता यायचं नाही."

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

पोर गेल्यावर एनिड घरात बसेना. रिकाम्या हातांची तिला धास्तीच बसली होती. चर्चची फुलं ती करायची, जत्रेतले केक ती करायची, तळ्यातलं शेवाळ गुडघाभर पाण्यात उभी राहून ती काढायची. आमच्या परगण्यात दर वर्षी नीटनेटक्या गावाची स्पर्धा असते. परीक्षक न सांगता येतात, वहीत काहीतरी खरडतात आणि निघून जातात. ऑटरबी दर वर्षी हरायचं, आणि दर वर्षी शेरा एकच असायचा, की चर्चच्या आवारात गवत माजलं आहे. माजणारच. दगडादगडांत वीतभर जागा, तिथे गवत कापायचं यंत्र शिरणार कसं? पंच्याहत्तर साली एनिड गावच्या स्पर्धा कमिटीची प्रमुख झाली आणि तिने पहिल्याच बैठकीत टेबलावर हात आपटला. म्हणाली, कबरींचे दगड उपटून भिंतीला ओळीने लावा, जमीन सपाट करा, वर गवत पेरा.

ज्यांचे नातेवाईक होते त्यांना विचारण्यात आलं. काहींनी नको म्हटलं. माझ्या आईने दारातच छत्री उगारली, म्हणून माझ्या आजोबांचा दगड अजून जागच्या जागी उभा आहे, आडमुठा, एकटा. बाकीचे निघाले. कुठला दगड कुठून काढला याचा नकाशा शाळामास्तर करणार होते. त्यांची त्याच उन्हाळ्यात बदली झाली आणि नकाशा त्यांच्या डोक्यातून त्यांच्याबरोबर गेला. पण गाव जिंकलं! तळ्याकाठी लोखंडी पाटी लागली. एनिडला लोकांनी खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

तेव्हा तिला वाटत होतं की पोर त्या आवारात नाहीच. बाप्तिस्म्याशिवायची मुलं उत्तरेच्या कुंपणापलीकडे पुरतात, असं आमच्या आज्या सांगायच्या. त्या कुंपणाला एनिडने गड्यांना हात लावू दिला नाही. तिथलं गवत आजही गुडघाभर आहे. परीक्षकांना ते दिसू नये म्हणून तिने पुढे गुलाब लावले होते, पण कापू दिलं नाही.

आताही तिची समजूत तीच होती. कुंपणापाशी, पण नेमकी कुठे, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

हे सांगू शकेल असा एकच माणूस जिवंत होता. होरेस डॅनट, गावचा सुतार. दारं-खिडक्याही तोच करायचा आणि मयताच्या पेट्याही तोच, एकाच शेडमध्ये. नव्वदी ओलांडून आता शहरातल्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसलेला असतो. मी आल्याची बिस्किटं घेऊन गेले.

"मिस्टर डॅनट, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? पोस्टातली थेल्मा. माझी पत्रं वाचायचीस तू."

"पोस्टकार्डं वाचायचे. पाकिटं नाही."

"तेच ते." त्याने बिस्किट चहात बुडवलं. "काय काम काढलंस, पोरी?"

मी आडवळण घेतलं नाही. लेन पास्क ते गाठोडं घेऊन तुमच्याकडे आला होता ना, असं सरळ विचारलं.  बिस्किट विरघळून कपात पडलं, तरी म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं.

"आला होता," तो म्हणाला. "शेडच्या दारात उभा राहिला. आत येईना. मी म्हटलं, दे इकडे."

"आणि मग? कुंपणाजवळ कुठे पुरलीत?"

"कुंपणाजवळ?" तो एकदम चिडला. "कुंपणाजवळ कोल्हे उकरतात! मी एकसुद्धा पोर कुंपणाजवळ टाकलं नाही. माझ्या बापानेही नाही."

"मग?"

"त्या आठवड्यात ज्याचं दफन असेल त्याच्या पेटीत. पायाशी नाही हां, कुशीत. सगळे सुतार हेच करायचे, पण बोलायचं कोणी नाही. प्रार्थना मोठ्या माणसासाठी व्हायची, ती मग छोट्यालाही लागायची. पाद्र्याला काय डोंबल कळतंय?"

"आणि त्या मोठ्या माणसाच्या घरचे?"

"त्यांना कशाला सांगायचं? झाकण मीच ठोकायचो. पोराच्या बापाला फक्त म्हणायचो, नीट झालं. कोणी पुढे विचारायचं नाही." तो खिडकीकडे बघत राहिला. "लेनने पण नाही विचारलं."

 लेनने बायकोला सांगितलं नाही, कारण लेनला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी त्या माणसाला मनात शिव्या घातल्या होत्या.

"त्या आठवड्यात दोन मयतं होती," होरेस सांगत होता. "एक म्हातारा रॅग्सडेल. दारुडा, पोरांना पट्ट्याने फोडायचा. त्याच्याजवळ ठेवू मी पोर? त्याला तसाच पाठवला. थांबलो. मग मर्सी टॉयन आली."

"शाळेत विणकाम शिकवायची ती?"

"तीच. ना नवरा, ना भाऊ, ना भाचा. पण पोरांचं काय वेड बाईला! खिशात कायम गोळ्या." त्याने आपला डावा हात उचलला आणि कसं केलं ते मला दाखवलं. "मी तिचा हात असा वर उचलला. पोरीला आत ठेवलं. हात परत वरून ठेवला. बऱ्या दिसत होत्या गं दोघी." मग माझ्याकडे वळून एखाद्या लहान मुलासारखं विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

"बरोबर केलंत, मिस्टर डॅनट. फार बरोबर केलंत."

येताना बसमध्ये मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. पोर सापडली होती! मर्सी टॉयन माझ्या वहीत आहे, तारखेसकट आहे. एनिडला काय काय सांगायचं हे मी मनात घोकतच घरी आले. वही काढली. मर्सी टॉयन, अविवाहित, वय सत्तर, फेब्रुवारीत दफन. जागा? जागा आमच्या वहीत कधीच लिहीत नसत. दगड असताना जागा लिहायची गरज काय?

मी कोट न काढता तशीच चर्चला गेले. भिंतीला लावलेले दगड एकेक करून वाचले. सगळे मला पाठ आहेत, तरी वाचले. मर्सी नव्हती. तिचा दगड होता हे नक्की, गावातल्या आयांनी वर्गणी काढून बसवला होता, माझ्या आईनेही दिली होती. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सगळं आवार पालथं घातलं. पायवाटेच्या फरशा बघितल्या, पाण्याच्या पंपाचा कट्टा बघितला. शेवटी गवताच्या यंत्राची शेड राहिली. यंत्र ढकलून बाजूला केलं, खाली चार लहान दगड फरशीसारखे बसवलेले. एकावर तेलाचा काळा डाग. तो माझ्या चांगल्या स्कार्फने पुसला आणि खाली मर्सीचं नाव निघालं.

मर्सीला कोणी नव्हतं. म्हणजे पंच्याहत्तर साली नको म्हणायलाही तिच्यामागे कोणी नव्हतं. होरेसने पोरीसाठी मायाळू बाई शोधली, आणि नेमकी तीच बाई गावाने सगळ्यांत आधी पुसून टाकली. मी त्या शेडमध्ये दगडावर बसून यंत्राला लाथ मारली. पायाला लागलं तेवढंच.

दगड मिळाला, पण तो कुठून उचलला हे कोणाला ठाऊक? गावातल्या तीन म्हाताऱ्यांना आवारात आणलं, तर तिघांनी मिळून चार जागा दाखवल्या आणि वर आपसात भांडले. विद्यापीठातला एक ओळखीचा माणूस जमिनीखालचं दाखवणारं यंत्र घेऊन आला. भला माणूस. दिवसभर ते यंत्र ढकलत फिरला आणि शेवटी टोपी काढून म्हणाला, "बाई, इथे आठशे वर्षं लोक एकमेकांवर पुरलेत. यंत्राला सगळीकडे माणसंच दिसतात."

इकडे एनिड रोज भिंतीवर ठोकायची. आधी काठीने, मग चमच्याने, मग बोटाने. मी गेले की विचारायची, "काही कळलं?" आणि मी म्हणायचे, "कळतंय, कळतंय. मेल्यांना कसली घाई?" ती हसायची. तिचे गाल आत गेले होते. अंगठी बोटातून गळून पडते म्हणून दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती.

तेव्हा मी ठरवलं की खोटं बोलायचं. यात मला काडीचीही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. पंपाच्या उजवीकडे, ऊन येतं अशी एक रिकामी जागा बघितली, चार खुंट्या ठोकल्या आणि पाद्रीबाईंना सांगितलं, हीच. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, पण अर्ज लिहिला.

एनिडला चाकाच्या खुर्चीत घालून मी नेलं. तिने चांगला निळा कोट घालायला लावला, ओठांना रंग लावला. मी म्हटलं, कोण बघतंय? तर म्हणाली, "पोरीला पहिल्यांदा भेटायला चाललेय. अवतार करून जाऊ?"

कुंपणाकडे न वळता मी पंपाकडे वळले तेव्हा ती गोंधळली. खुंट्यांपाशी खुर्ची थांबवली आणि तिला सगळं सांगितलं. सुतारांची ती रीत, लेनला काहीच माहीत नव्हतं ते, रॅग्सडेलला तसाच पाठवला ते, आणि मग मर्सीचं.

"मर्सी?" ती म्हणाली. "आपली मर्सी टॉयन?"

"तीच. तिच्या हाताखाली ठेवलं पोरीला. कुशीत."

एनिडने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. या बाईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, लेनच्या वेळीसुद्धा नाही. "तिने मला मोजे विणायला शिकवलं गं. माझी टाच कायम वाकडी यायची. ती उसवायची आणि म्हणायची, पुन्हा, एनिड, पुन्हा. कधी ओरडली नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे एकटी नव्हती."

"नव्हती."

"मला वाटायचं ती तिकडे कुंपणापाशी एकटी आहे. थंडी पडली की मी उठून बसायचे. लेन म्हणायचा, काय झालं, मी म्हणायचे, पाय दुखतोय."

ती खुर्चीतून वाकली आणि गवतावर तळहात ठेवला. चेहरा असा काही निवळला होता की मला वाटलं, झालं, आता ही आज गेली तरी चालेल. ती तेवढ्यातच गेली असती तर किती बरं झालं असतं.

पण तिने मान वर केली. पंपाकडे पाहिलं, मग चर्चच्या दाराकडे, मग भिंतीकडे. कमिटीत असताना बघायची अगदी तसंच.

"थेल्मा, ही हॅरोपांच्या कबरीची जागा."

"असेल. शेजारी असेल."

"शेजारी नाही, इथेच. म्हातारा हॅरोप आधी नको म्हणाला, मग मी त्याला सफरचंदाची दारू पाजली तेव्हा हो म्हणाला. इथे मी स्वतः टेप धरून उभी होते. मर्सी इथे नव्हती." ती माझ्याकडे वळली. "तुला खोटं कधीच बोलता आलं नाही. पोस्टात असतानासुद्धा कान लाल व्हायचे तुझे. तिचा दगड कुठे आहे?"

मी वाकून एक खुंटी उगाच सरळ केली.

"भिंतीला नाही, हे मला माहीत आहे. भिंतीचे सगळे मीच लावून घेतलेत." ती बोलता बोलता थांबली. तिची नजर हळूहळू शेडकडे गेली आणि तिथेच राहिली. "शेडला फरशी हवी होती," ती म्हणाली. "गडी म्हणाले, कुठले घेऊ? मी म्हटलं, लहान बघा, आणि ज्यांचं विचारायला कोणी येणार नाही असे बघा. त्यांना कळेना. तर मीच दाखवले. मी म्हटलं, हा मर्सीचा घ्या. तिला कुठे कोण आहे."

"एनिड, तुला काय ठाऊक होतं..."

"मीच दाखवला, थेल्मा. या बोटाने."

"मग कुठून दाखवलास ते आठव ना!" मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले, तिचे हात धरले. "तू तिथेच होतीस. अगं, तुला सगळं आठवतं. नीट आठव. पंप कुठल्या बाजूला होता? ऊन कुठून येत होतं?"

तिने डोळे मिटले. ओठ हलत होते.  तिने डोळे उघडले आणि त्या सगळ्या गवतावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. केवढं सुंदर गवत! इस्त्री केल्यासारखं, कुठे एक उंचवटा नाही.

"परीक्षकांनी किती केक खाल्ले ते आठवतं," ती म्हणाली. "कोणत्या गड्याच्या पायावर दगड पडला ते आठवतं. हे नाही आठवत गं. हे एवढंच नाही आठवत."

मग म्हणाली, ढकल मला. मी ढकललं. आवाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वळून परत, पुन्हा वळून परत. मध्येच ती हात वर करायची, मी थांबायचे, ती खाली बघायची आणि मान हलवायची. मला धाप लागली, छातीत कळ आली, पण मी थांबले नाही. चाकं गवतात रुतत होती. शेवटी तीच म्हणाली, "पुरे. घरी चल."

घरी आल्यावर कोट काढायच्या आधी तिने सांगितलं, "पाद्रीबाईंना म्हणावं, अर्ज फाडून टाका."

"वेडी आहेस का? आवार ते केवढंसं! कुठेही पुरलं तरी ती हाकेच्या अंतरावर असणार."

"नाही. मला शहरात जाळून टाका. राख तिथल्या लोकांनाच ठेवू दे."

"का पण?" मी ओरडलेच.

"ती मर्सीची आहे आता. मर्सीने सांभाळली. मी काय केलं? मी तिच्या डोक्यावरचं नाव उपटलं आणि त्याच्यावर गवताचं यंत्र उभं केलं. बक्षीस घेतलं वर. कोणत्या तोंडाने जाऊ तिच्याशेजारी?"

"तुला माहीत नव्हतं, बाई!"

"माहीत नव्हतं म्हणून केलं नाही, असं होतं का?"

मी भांडले. रोज भांडले. शिव्या घातल्या, हातापाया पडले, पाद्रीबाईंना तिच्या उशाशी आणून बसवलं. त्या बिचाऱ्या क्षमेबद्दल खूप काही बोलल्या. एनिडने ऐकून घेतलं, त्यांना केक दिला आणि म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात. पण नको." त्यानंतर तिने भिंतीवर ठोकणं बंद केलं. मीच इकडून ठोकायचे. कधी तिकडून उत्तर यायचं, कधी यायचं नाही.

ती गेली तेव्हा नाताळची झाडं नुकतीच बाजारात आली होती. आदेश अजून निघाला नव्हता. पाद्रीबाई माझ्या दारात आल्या, आत आल्या नाहीत, पावसातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अर्ज मी फाडला नाही, थेल्मा. अजून वेळ आहे. तुम्ही हो म्हणा, मी परवा तिला आवारात घेते. कोणाला काही सांगायची गरज नाही."

एक हो म्हणायचं होतं. ती काय उठून मला जाब विचारणार होती? तोंडाशी आलं होतं. पण ती माझी शेजारीण होती, आणि शुद्धीत असताना नको म्हणाली होती. माझ्या आयुष्यात मी कोणाचं पाकीट फोडलं नाही.

"नको," मी म्हणाले.

शहरातल्या दाहगृहाला मीच फोन केला. पलीकडून एका मुलीने गोड आवाजात नाव विचारलं, पत्ता विचारला, मग विचारलं, "मयताचं जवळचं कोण?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "मी शेजारीण."